फोनिक्सच्या ॲपमधल्या सगळ्या लेव्हल पूर्ण, पण कागदावरचा शब्द वाचता येत नाही: नेमकं कुठे अडतंय?

तक्रार जवळपास नेहमी अशीच असते. मूल साडेचार-पाच वर्षांचं, ज्युनिअर किंवा सिनिअर केजीत. मोबाइलवर फोनिक्सचं, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून इंग्रजी वाचायला शिकवणारं ॲप आहे, मूल ते आवडीने खेळतं, तारे मिळवतं, लेव्हल भराभर पुढे सरकतात. अक्षर दाखवलं की त्याचा आवाज सांगतं. पण वहीत 'सॅट' किंवा 'कॅट' लिहून दिलं की तीन अक्षरांचे तीन आवाज सुटे सांगतं, आणि 'आता जोडून म्हण' म्हटलं की गप्प होतं. नाहीतर भलताच शब्द सांगतं. मग घरचे ॲप बदलतात. नव्या ॲपमध्ये पहिल्यापासून सुरुवात, पुन्हा तारे, आणि थोड्या दिवसांनी वही उघडली की पुन्हा तेच.

मी पूर्वप्राथमिकच्या वर्गाला शिकवते. हा प्रश्न घेऊन दरवर्षी पालक येतात, आणि मराठी बोलणाऱ्या घरातल्या मुलांमध्ये त्याचं एक कारण इतक्या नेमाने सापडतं की सगळ्यात आधी तेच तपासावं असं मी सांगते: मूल प्रत्येक व्यंजनाला 'अ' चिकटवून बोलतं, आणि ॲपला ते कळत नाही. दुसरी कारणंही असतात, ती पुढे लिहिली आहेत. पण ॲप बदलण्याआधी किंवा त्याच लेव्हल परत करायला लावण्याआधी ही छोटी तपासणी करा.

तपासणी

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. कोऱ्या कागदावर स्मॉल एस, ए आणि टी ही अक्षरं मोठी आणि थोडं अंतर सोडून लिहा. चित्र काढू नका, शब्द सांगू नका. एकेका अक्षरावर बोट ठेवून 'याचा आवाज काय?' एवढंच विचारा. मग तिन्हींखालून बोट सरकवत 'आता सगळं मिळून म्हण' असं सांगा. मुलाला दुरुस्त करायचं नाही, शाबासकीही लगेच द्यायची नाही. फक्त कान देऊन ऐका, आणि जे ऐकलं ते जसंच्या तसं देवनागरीत लिहून ठेवा. लिहिण्याचा कंटाळा करू नका. पुढचं सगळं त्या एका ओळीवरून ठरतं.

तुम्ही 'सअ, ॲ, टअ' असं लिहिलं असेल, म्हणजे व्यंजनांचे पाय न मोडता, तर अडचण चिकटलेल्या 'अ'ची आहे. 'स्, ॲ, ट्' असं स्वच्छ आलं पण जोडताना 'टॅ' किंवा नुसतंच 'ट' आलं, तर आवाज बरोबर आहेत, जोडणी जमत नाहीये. 'एस, ए, टी' आलं तर मूल अक्षरांची नावं सांगतंय. आणि ॲपमध्ये पटकन 'कॅट' म्हणणारं मूल कागदावर एकही आवाज सांगू शकत नसेल, तर ते आजवर चित्रं वाचत आलंय. एकाच मुलात यातली दोन कारणं सापडणंही नेहमीचं आहे. तेव्हा आधी 'अ' काढायचा, मग बाकीचं.

चिकटलेला 'अ'

आपल्या लिपीत व्यंजन लिहिलं की त्यात अ धरलेलाच असतो. पाय मोडल्याशिवाय तो जात नाही. म्हणून 'बीचा आवाज काय?' या प्रश्नाला मूल 'ब' म्हणतं आणि आपण लगेच 'शाब्बास' म्हणतो, कारण आपल्या कानाला ते पूर्ण बरोबर वाटतं. अक्षर ओळखण्यापुरतं ते चालतंही. अडतं ते जोडताना. 'कअ, ॲ, टअ' हे कितीही भरभर म्हटलं तरी त्याचं 'कॅट' होत नाही. 'कअॅटअ' असं काहीतरी होतं, आणि असा शब्द मुलाने कधीच ऐकलेला नसतो. मूल शब्द शोधतंय, पण हातात असलेल्या आवाजांमधून तो तयारच होत नाहीये. त्याला मंद किंवा हट्टी ठरवण्याआधी हे एकदा स्वतः म्हणून बघा.

ॲपला हे कळत नाही, कारण बहुतेक ॲप मुलाचं बोलणं ऐकतच नाहीत. ॲप आवाज वाजवतं, मूल योग्य अक्षरावर बोट लावतं, तारा मिळतो. मुलाच्या तोंडून काय निघालं याचा कुठेच हिशेब नसतो. माइक वापरणारी ॲपही बहुधा अख्खा शब्द किंवा वाक्य ताडून बघतात. 'ट्' म्हटलं की 'टअ' म्हटलं, हे शेजारी बसलेल्या माणसालाच कळतं.

उपाय आपल्या बोलण्यातच आहे. आपण लिहितो 'नाक', पण म्हणताना शेवटच्या क मधला अ गळून जातो. मराठीत असे शब्द ढिगाने आहेत आणि मुलाच्या तोंडी ते रोज असतात. म्हणजे पाय मोडलेला क् त्याला म्हणता येतोच, फक्त तो सुटा काढून दाखवायचा आहे. 'नाक' म्हणा, मधला आ लांबवा, क्षणभर थांबा आणि मग शेवट करा: नाऽऽऽ... क्. विचारा, 'सांग बरं, शेवटी काय ऐकू आलं?' पहिलं उत्तर 'क' असंच येईल. तेव्हा मुलाचा हात त्याच्या हनुवटीखाली ठेवा आणि आधी 'क' म्हणायला लावा, मग 'नाक' म्हणून शेवटावर थांबायला लावा. 'क' म्हणताना तोंड उघडतं आणि हनुवटी हाताला लागते. 'नाक्'च्या शेवटी ती हलत नाही. हा फरक हाताला लागला की मूल स्वतःच स्वतःला दुरुस्त करू लागतं, आपण दर वेळी 'अ काढ' म्हणायची गरज पडत नाही.

याच पद्धतीने 'बस'मधून स् काढा, 'काम'मधून म्, 'पेन'मधून न्, 'कप'मधून प्, 'पाट'मधून ट्, 'फूल'मधून ल्, 'घर'मधून र्, 'माफ'मधून फ्, 'बॅग'मधून ग्, 'बेड'मधून ड्, 'गुलाब'मधून ब्. कागद लागत नाही, अक्षरं लागत नाहीत. रिक्षात, आंघोळीच्या वेळी, पोळ्या लाटताना हे चालतं. आजी-आजोबांना इंग्रजीचा संकोच वाटत असेल तर हा भाग आवर्जून त्यांच्याकडे द्या. यात इंग्रजी वाचायचं मुळीच नाही, सगळे शब्द रोजच्या बोलण्यातले, आणि त्यांना पाय मोडलेलं अक्षर म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही.

सगळे आवाज सारखे सोपे नसतात. स्, म्, न्, फ्, ल्, र्, व् हे ओढता येतात. 'म्‌म्‌म्' असं श्वास संपेपर्यंत धरता येतं आणि त्यात अ घालावाच लागत नाही. प्, ट्, क् ओढता येत नाहीत, पण कुजबुजत म्हणता येतात. कुजबुजताना घशातला नाद बंद असतो, त्यामुळे अ आपोआप पडतो. ब्, ड्, ग् मात्र अवघड आहेत. ते सुटे म्हणताना अ ची थोडीशी छटा राहतेच, मोठ्यांच्या तोंडातही राहते. तिथे फार मागे लागू नका. आवाज आखूड ठेवला की पुरे.

म्हणून जोडायला घेताना ओढता येणाऱ्या आवाजाने सुरू होणारे शब्द आधी घ्या: सॅट, मॅन, सन, रॅन, लिप, फिन, नेट, मॉप. शेवटी ट् किंवा प् आला तरी बिघडत नाही, कारण शेवटचा आवाज पाय मोडून म्हणायची मराठी तोंडाला सवयच आहे. बऱ्याच ॲपमध्ये आणि पुस्तकांत सुरुवातीलाच कॅट, बॅट, डॉग, पिग येतात, म्हणजे न ओढता येणारे आवाज अगदी पुढे. ते धडे सध्या वगळा. आणि जोडताना 'स्, ॲ, ट्' असं तोडून म्हणायला लावू नका. एकाच श्वासात, न थांबता, 'स्‌स्‌स्‌ॲॲॲट्' असं ओढत न्यायचं, खालून बोटही न उचलता सरकवायचं. मध्ये थांबलं की त्या फटीत अ शिरतो.

आवाज स्वच्छ आहेत, तरी जुळत नाहीत

अशी मुलं स्, ॲ, ट् नीट म्हणतात आणि मग शेवटचाच आवाज सांगतात, किंवा उलटं काहीतरी. एका वेळी तीन सुटे आवाज लक्षात धरून मग त्यांचा एक शब्द करणं त्या वयाला जड जातं. तीनचं दोनवर आणा.

इथे बाराखडी कामाला येते. क, का, कि, की असं व्यंजन-स्वर मिळून एकच घास करायची मराठी कानाला सवय असते, आणि ज्या घरात बाराखडी म्हटली जाते तिथल्या मुलांना तर फारच. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये जाहीर केलेल्या वर्णमालेत ॲ आणि ऑ हे स्वर घेतलेले आहेत, त्यामुळे 'कॅ' आणि 'कॉ' हेही आपलेच घास आहेत. कागदावरच्या शब्दातलं तिसरं अक्षर बोटाने झाका. उरलं एस आणि ए. स् आणि ॲ मिळून काय? सॅ. ते दोन-तीनदा म्हणू द्या. मग बोट काढा: सॅ... ट्. सॅट. दोनच तुकडे जोडायचे होते, आणि दुसरा तुकडा 'नाक'च्या शेवटासारखा पाय मोडलेला.

यासाठी मी जाड कागदाच्या दोन पट्ट्या वापरते. एका पट्टीवर एस-ए, दुसरीवर खाली खाली टी, डी, पी, जी, एम. पहिली जागेवर ठेवायची, दुसरी सरकवत जायची: सॅट, सॅड, सॅप, सॅग, सॅम. हे रुळलं की ए च्या जागी आय: सिट, सिप, सिम. बाजारात यासाठी काही विकत घ्यायची गरज नाही, जुनी लग्नपत्रिका पुरते.

बहुतेक ॲप नेमकं उलटं करतात. ती 'कॅट, मॅट, रॅट, हॅट' अशी यमकं देतात, म्हणजे 'ॲट' कायम आणि पहिलं अक्षर बदलतं. यमकाची मजा मुलांना येते, कान तयार व्हायला त्याचा उपयोगही आहे. पण चार-पाच शब्दांनंतर मूल फक्त पहिलं अक्षर बघायला लागतं आणि पुढे 'ॲट' लावून मोकळं होतं. तुमचं मूल 'मॅप'ला 'मॅट' आणि 'हॅम'ला 'हॅट' वाचत असेल तर कारण हेच असण्याची दाट शक्यता आहे. यमकांचे धडे काही दिवस थांबवा आणि शेवटचं अक्षर बदलणाऱ्या जोड्या द्या: मॅट-मॅप-मॅन, पिन-पिट-पिग.

ॲपचा आवाज तुम्ही ऐकला आहे का?

मुलाला दोष देण्याआधी ॲपच तपासा. फोन कानाशी धरा, डोळे मिटा आणि एम, एस, बी, टी या अक्षरांचे आवाज ऐका. जे ऐकू आलं ते देवनागरीत लिहायचं झालं तर 'म' लिहाल की 'म्'? ॲपच 'मअ, सअ, टअ' म्हणत असेल तर ते काढून टाका. तारे, गाणी, रंग कितीही छान असले तरी हा एक दोष बाकी सगळ्या गुणांवर पाणी फिरवतो. फुकट आहे की पैसे भरून घेतलंय, यावरून हे ठरत नाही. दोन्हीकडे चांगली आणि वाईट सापडतात.

ॲप बरोबर असूनही मराठी कानाला ते वेगळं ऐकू येऊ शकतं. इंग्लंड-अमेरिकेतली माणसं शब्दाच्या सुरुवातीचे प्, ट्, क् हवा सोडून म्हणतात. आपल्याकडे प-फ, ट-ठ, क-ख हे सरळ वेगवेगळे वर्ण आहेत, त्यामुळे त्यांचं 'पिन' आपल्या मुलाला फ कडे झुकलेलं ऐकू येतं आणि 'कॅट'चा पहिला आवाज ख सारखा वाटतो. ओठांपुढे कागदाची पातळ पट्टी धरून त्यांच्यासारखं 'पिन' म्हणून बघा, कागद थरथरतो. आपल्या 'पिन'ला जवळपास हलत नाही. मूल 'हा प आहे की फ?' असं विचारत असेल तर त्याचा कान उत्तम आहे. 'ते लोक थोडी हवा सोडून बोलतात, आपण प्‌च म्हणायचं' एवढं सांगितलं की प्रश्न मिटतो.

ओ या अक्षराचं मात्र सेटिंग बघावं लागतं. ब्रिटिश उच्चारात 'हॉट' आपल्या ऑ च्या जवळ जातो, अमेरिकन उच्चारात तो 'हाट'कडे झुकतो. शाळेत 'हॉट', ॲपमध्ये 'हाट', मग मूल ओ पाहिलं की आ, अ, ऑ यातलं काहीही सांगतं. ॲपमध्ये उच्चार निवडायची सोय असेल तर ब्रिटिश किंवा भारतीय निवडा. नसेल तर ओ चे धडे तुम्ही स्वतः घ्या.

व्ही आणि डब्ल्यू या दोघांना आपल्याकडे एकच व आहे. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, डब्ल्यूला ओठांचा चंबू होतो. आरशासमोर दोघांनी उभं राहून करायचा हा खेळ आहे. नाही जमलं तरी वाचन त्यामुळे अडत नाही, तेव्हा ताणू नका. माइकवाल्या ॲपने मुलाचं 'थिन' किंवा 'वेट' वारंवार चूक ठरवलं तर मूल हिरमुसतं. तो माइक बंद करा. मराठी वळणाचा उच्चार ही वाचनातली चूक नव्हे.

चित्र वाचणारं मूल

ॲपच्या पडद्यावर शब्द असतो, त्याखाली चार चित्रं. चुकलं की ते चित्र पुसट होतं, राहिलेल्या तिनांतून निवडायचं. पाच वर्षांचं हुशार मूल यातली गोम लवकर ओळखतं. शब्दाकडे न बघताही लेव्हल पार होते आणि घरच्यांना पडद्यावर शंभर टक्के दिसतात.

यावर इंग्लंडमधल्या शाळांची एक युक्ती फार उपयोगी आहे. तिथे २०१२ पासून पहिलीच्या वर्षाअखेरीस मुलांची फोनिक्सची छोटी चाचणी होते. ४० शब्द वाचायचे, त्यातले २० खरे आणि २० बनावट, ज्यांना काही अर्थच नाही. बनावट शब्दाशेजारी एखाद्या काल्पनिक प्राण्याचं चित्र असतं, म्हणजे हे त्या प्राण्याचं नाव आहे असं मुलाला सांगता येतं. अंदाजाला वावच उरत नाही, अक्षरं वाचावीच लागतात. घरी करून बघा. एखादा वेडावाकडा राक्षस काढा आणि खाली 'मिप' लिहा. दुसऱ्याखाली 'नॅम', तिसऱ्याखाली 'टॅस'. मुलांना हे प्रचंड आवडतं, आणि तुम्हाला ॲपच्या कुठल्याही अहवालापेक्षा खरी माहिती मिळते. तीनपैकी तीन वाचले तर मूल वाचतंय, ॲपमध्ये ते कुठल्याही लेव्हलवर असो.

नाव आणि आवाज

याला वेळ लागत नाही, पण शाळेशी बोलावं लागतं. वर्गात 'ए फॉर ॲपल' ते 'झेड' असा क्रम आणि अक्षरांची नावं चालू असतील, आणि ॲपमध्ये आवाज, तर मूल गोंधळतं. एच, डब्ल्यू, वाय यांची नावं आणि आवाज यांचा तर काडीचा संबंध नाही. फोनिक्सच्या पद्धतींचा क्रमही वेगळा असतो. आपल्याकडच्या अनेक शाळांत पोचलेल्या जॉली फोनिक्समध्ये ४२ आवाज आहेत आणि पहिला गट एस, ए, टी, आय, पी, एन असा आहे, कारण या सहांतून लगेच शब्द बनतात. ए पासून एफपर्यंत शिकून फारसे शब्द बनत नाहीत. शाळेचा क्रम विचारून घ्या आणि ॲपमध्ये धडे निवडता येत असतील तर तेवढीच अक्षरं उघडी ठेवा. घरात बोलताना सगळ्यांनी एकच भाषा ठेवायची: 'याचं नाव एस, आवाज स्.' नावं चूक नाहीत, वाचताना फक्त आवाज वापरायचा. मराठी माध्यमाच्या शाळांतही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे हे त्या पालकांनाही तितकंच लागू आहे.

फोनमधल्या खोड्या

कधीकधी मुलाचा काही दोषच नसतो. फोन आडवा धरला की मुलाचा तळहात खालच्या कडेच्या स्पीकरवर येतो. तसं झालं की स्, फ्, थ् हे बारीक आवाज सगळ्यात आधी दबतात आणि मूल फ्‌ला थ् ऐकतं. फोन टेबलावर कशाला तरी टेकवून उभा ठेवा, पंखा कमी करा, ॲपमधलं पार्श्वसंगीत बंद करा.

दोन भावंडं एकाच प्रोफाइलवर खेळत असतील तर मोठ्याने पार केलेल्या लेव्हल धाकट्याच्या नावावर जमा होतात, आणि ॲप धाकट्याला झेपणार नाहीत असे शब्द द्यायला लागतं. घरातलं कुणी प्रेमाने 'अरे, इथे दाब' म्हणत असेल तरी हेच होतं. वेगळी प्रोफाइल करा आणि सुरुवातीपासून जाऊ द्या. मूल आधीच येणाऱ्या लेव्हल झरझर संपवेल, काही बिघडत नाही.

अक्षरांच्या आकाराकडेही बघा. काही ॲप फक्त कॅपिटल अक्षरं दाखवतात, वाचायची पुस्तकं मात्र स्मॉलमध्ये असतात. स्मॉल ए चे दोन आकार आहेत: हाताने लिहितो तो गोल, आणि छापील, ज्याच्या डोक्यावर वळण असतं. ॲपमध्ये एक आणि पुस्तकात दुसरा असेल तर मुलासाठी ते नवंच अक्षर आहे. दोन्ही शेजारी शेजारी लिहून 'हे दोन्ही ॲ म्हणतात' असं एकदा दाखवलं की संपलं. बी-डी, पी-क्यू यांच्या उलटापालटीला देवनागरीची सवय असलेलं मूल जास्त वेळ घेऊ शकतं. आपल्या लिपीत अक्षर आरशात पलटलं की दुसरं अक्षर होतं, असं मूळ अक्षरांत कुठे घडत नाही. सहा-साडेसहा वर्षांपर्यंत याची काळजी करू नका.

वेळेचं सांगायचं तर ॲप दहा मिनिटं आणि लगेच त्याच अक्षरांचं कागदावरचं काम पाच मिनिटं, एवढं रोज झालं तरी भरपूर. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरातल्या सगळ्या पडद्यांची मिळून कमाल मर्यादा एक तास सांगितली आहे, तीही मोठ्यांच्या देखरेखीखाली. फोनिक्सची दहा मिनिटं त्या तासातलीच धरायची.

मराठी वाचनाच्या ॲपबद्दल थोडंसं

मराठी शिकवणाऱ्या ॲपमध्ये वेगळीच अडचण असते: पडद्यावर मराठी, आवाज हिंदी. ज्ञ ऐका. 'द्न्य' आला तर मराठी, 'ग्य' आला तर हिंदी. ऋ चा उच्चार 'रु' हवा, 'रि' नको. ळ आहे का ते बघा. पडद्यावरच्या ल आणि श यांचे आकार मराठी वळणाचे आहेत का, तेही. चमचातला च आणि चहातला च वेगळे ऐकू यायला हवेत. यातल्या दोन-तीन गोष्टी चुकल्या तर ते ॲप मराठी वाचनासाठी वापरू नका, कारण मूल शाळेत जे ऐकतं त्याच्याशी ते जुळणार नाही. हिंदी शिकायला ते खुशाल वापरावं.

एवढं करूनही जमलं नाही तर

पहिल्यांदा वय बघा. चार वर्षांचं मूल जोडू शकत नसेल तर बहुतेक वेळा थांबणं हाच उपाय असतो. नाक-बस-कपचे कानाचे खेळ चालू ठेवा, अक्षरांची घाई सोडा. सहा वर्षं पूर्ण झालेलं मूल दोन-तीन महिने नियमित सरावानंतरही दोन आवाज जोडू शकत नसेल, किंवा यमक ओळखू शकत नसेल, तर वर्गशिक्षकांशी बोला आणि विशेष शिक्षकांचा सल्ला घ्या. अध्ययन अक्षमतेचं (लर्निंग डिसॅबिलिटीचं) पक्कं निदान सहसा आठव्या वर्षाच्या आसपास करतात, त्याआधी कुणी छापील शिक्का मारला तर तो मनावर घेऊ नका. मदत मात्र त्याआधीच सुरू करता येते आणि करावी.

त्याच्याही आधी कान तपासून घ्या. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठू शकतं. दुखत नाही, ताप येत नाही, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षात येत नाही, पण त्या दिवसांत मुलाला सगळं दबकं ऐकू येतं आणि स्, फ्, थ्, ट् यांतला फरक हरवतो. टीव्हीचा आवाज वाढवणं, पाठमोरं असताना हाकेला ओ न देणं, 'काय?' असं सारखं विचारणं, तोंड उघडं ठेवून झोपणं यातलं काही दिसत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. टिंपॅनोमेट्री नावाची तपासणी असते. कानात छोटं रबरी टोक धरतात, सुई नाही, दुखणं नाही, काही मिनिटांत होते. पाणी निघालं तर डॉक्टर सांगतील तेवढे आठवडे वाट बघा आणि तोवर जोडणीचे धडे बाजूला ठेवा. गोष्टी वाचून दाखवणं मात्र समोरासमोर बसून, ओठ दिसतील असं, चालू ठेवा.